न बोलणारं पात्र

दि. ११ नोव्हेंबर

ती. ताईस,

सादर नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली हे वाचलं. डॉक्टरांचा हात चांगला आहे असं लिहिलंयस, तेव्हा काळजीचं कारण नसावं. भाऊजींचं विसरणं वाढलंय हे वाचून मात्र वाईट वाटलं. ते तुला सूनबाईच्या नावाने हाक मारतात म्हणे. तू ते गंमत म्हणून लिहिलंयस, पण तुला ती गंमत वाटत नसणार.

मी बरी आहे. छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची घाई चालू आहे. भूगोलाची प्रुफं तपासून डोळे शिणतात. सगळी यंत्रं एकदम सुरू झाली की तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. मग प्रत्येकजण माझ्यासारखाच दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. दिवसातले तेवढे तास मला फार आवडतात.

तू विचारलंयस त्याचं उत्तर देतेच. आधी तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहिते, कारण तीच माझ्या डोक्यातून जात नाहीये.

सूनबाईने वाचनालयातून आणलेली कादंबरी वाचलीस. त्यात नवरा-बायको चादरीच्या घड्या घालताना बोलतात ते पान तू दोनदा वाचलंस. ‘त्या बाईची किती गं ओढाताण. मला माझेच दिवस आठवले, डोळ्याला पाणी आलं,’ असं लिहिलंयस. आणि पुढे विचारलंयस, ही तुमच्याच छापखान्यात छापली का.

हो ताई, आमच्याकडेच छापली. ते पान मीच तपासलं. आणि त्या लेखकाला मी चांगलं ओळखते. त्यांच्याकडे मी बरेच दिवस काम केलं. तुला कळवलं नव्हतं.

आमच्या छापखान्यात ऑफिस आणि यंत्रं यांच्यामध्ये काचेची भिंत आहे. एकदा मी अलीकडे प्रुफं बघत बसले होते आणि पलीकडे दोन कामगार मालकांबद्दल बोलत होते. मला हसू आलं. हे लेखक मालकांना भेटायला आले होते, त्यांनी ते पाहिलं. पलीकडचा आवाज अलीकडे येणं शक्यच नव्हतं. त्यांनी कागदावर लिहून विचारलं, का हसलात. मी ते दोघं काय बोलले ते शब्दाला शब्द लिहून दिलं. त्यांनी तो कागद खिशात घातला. मालकांकडे ज्या कामासाठी आले होते ते बहुतेक विसरूनच गेले.

त्यांची अडचण अशी होती की वर्णनं त्यांना छान जमत, पण त्यांची माणसं तोंड उघडलं की सभेत भाषण केल्यासारखी बोलत. असं एका परीक्षणात छापून आलं होतं आणि ते त्यांना फार लागलं होतं. स्वतः कुठे जाऊन बसले की लोक त्यांना ओळखायचे आणि लगेच शुद्ध बोलायला लागायचे. माझ्यासमोर असं कोण करणार? बहिरी बाई जवळ असली म्हणून कुणी आवाज कमी करत नाही.

मग सुटीच्या दिवशी मी हॉटेलात, दवाखान्याबाहेरच्या बाकावर, कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन बसू लागले. दिसेल ते बोलणं उतरवून द्यायचं, एवढंच काम. सगळं दिसतं असं नाही. प, ब आणि म हे ओठांवर अगदी सारखे. बाप, माप, पाप, कुणी काहीही म्हणो, मला एकच दिसतं. मागचं-पुढचं बघून लावून घ्यायचं. हे सांगितलं तेव्हा सर खूप हसले होते. मी त्यांना सर म्हणायची. त्यांना झुबकेदार मिशी होती, तिच्यामुळे मला त्यांचं बोलणं निम्मंच कळायचं. काम सुरू झालं तशी त्यांनी ती काढून टाकली. माझ्यासाठी कुणी एवढं केलेलं मला माहीत नव्हतं. मला ते किती मोठं वाटलं असेल, तुला कल्पना नाही.

त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले. माझ्या कागदांवर ते लाल पेन्सिलीने रेघा मारत आणि का मारल्या ते समजावून सांगत. बसा, या, कसे आहात, हे कापायचं, वाचकाला थेट भांडणापाशी न्यायचं. घरातली माणसं बोलताना सारखी एकमेकांची नावं घेत नाहीत. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकाने दुसऱ्याला सांगितली की समजायचं, लेखक लबाडी करतोय. ‘तो म्हणाला’ पुरे, तो कळवळून म्हणाला, दात ओठ खाऊन म्हणाला, हे नको. आणि त्यांचं सगळ्यात आवडतं म्हणजे, माणूस विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. बायको विचारते, कुठे होतात. नवरा विचारतो, जेवायला काय आहे. तेवढ्यात सगळं कळतं.

ते हे सांगत तेव्हा मला आपलं घर दिसायचं. बाहेरून आणून दिलेल्या बोलण्यात ते कधी खूश व्हायचे, कधी म्हणायचे, हे पाणचट आहे. एक दिवस म्हणाले, ‘तुमच्या स्वतःच्या घरातलं एक द्या.’

मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी विषय बदलला. तेव्हा ते इतके आनंदाने हसले की मला कळेचना. मग लक्षात आलं, मी उत्तर दिलं नव्हतं, आणि त्यावरूनच त्यांना कळलं होतं की माझ्याकडे काहीतरी आहे.

शेवटी दिलं. ते आता तुला देते. तू वाचलंस ते त्यांनी केलेलं आहे. हे माझं.

आई अंथरुणाला खिळून वर्ष उलटलं होतं. समोरच्या गल्लीतला घड्याळजी सकाळी आपल्याकडे येऊन गेला होता. मी आईला पुसत होते, त्यामुळे तो गेल्यावरच बाहेर आले. तू म्हणालीस, भिंतीवरचं घड्याळ बघायला आला होता, चालू आहे म्हणून सांगितलं. मी मान हलवली. घड्याळजीने मला कधी काही विचारलं नव्हतं. पण मी दुकानासमोरून गेले की तो डोळ्यावरचं भिंग काढून ठेवायचा, उजेडाकडे तोंड करायचा आणि नेहमीच्या वेगाने बोलायचा. माझ्याशी सगळे तोंड वेडंवाकडं करून बोलतात, तो नाही करायचा. त्यामुळे तो घरी कशासाठी आला असेल ते मला कळलं होतं. दिवसभर मी वाट बघितली की तू मला काहीतरी विचारशील.

दुपारी दोरीवरच्या चादरी काढून आणल्या. मी जमिनीवर बसून आईच्या गाऊनला बटणं लावत होते. तू आणि भाऊजी चादरीची दोन-दोन टोकं धरून उभे होतात. बोलायचं होतं म्हणून दोघंही माझ्याकडे पाठ करून वळलात. तुमची ती सवयच होती. पण कपाटाचं दार उघडं होतं आणि दाराला आरसा होता.

“तिला विचारायचं तरी होतंस,” भाऊजी म्हणाले.

“टोक नीट धरा.”

“माणूस बरा वाटला.”

“आणि आईचं कोण करणार? तुम्ही?”

भाऊजींनी आपली टोकं तुझ्याकडे आणून दिली. मग म्हणाले, “आई काही कायमच्या नाहीत.”

“नाहीत ना. तोवर राहू दे हिला इथे.”

“आणि मग?”

“मग हिला कोण विचारतंय.”

चादर कपाटात ठेवून तू वळलीस, माझ्याकडे बघून हसलीस आणि नेहमीसारखं तोंड मोठं करत म्हणालीस, च-हा घे-णार? मी हो म्हटलं. चहा चांगला झाला होता.

सर ते वाचून खुर्चीतून उठले. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. म्हणाले, कापायला एक शब्द नाही. मला अभिमान वाटला, ताई. आपल्या घरातली ती दुपार मी विकली आणि मला अभिमान वाटला.

काल इथपर्यंत लिहून थांबले होते. आज पुढचं.

काही महिन्यांनी पुस्तकाची प्रुफं माझ्याच टेबलावर आली. चादर होती. टोकं होती. भाऊजी तसेच. तू मात्र रडत होतीस. त्यांच्या पुस्तकातली बाई चादरीत तोंड खुपसून रडते आणि नवरा तिच्या खांद्यावर हात ठेवतो. धाकटी बहीण खोलीत नाही. तिला बाजारात पाठवलंय. आणि शेवटचं वाक्य आहे, ‘मग कोण विचारतंय.’ ‘हिला’ काढून टाकलंय. तो एक शब्द गेल्यावर ती स्वतःबद्दल बोलते आहे असं वाटतं. थकलेली, सगळ्यांसाठी झिजलेली बाई.

मी सरांकडे गेले. विचारलं, मी कुठे गेले? ते शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही त्या प्रसंगात काही बोलतच नाही. न बोलणारं पात्र नुसतं बसलेलं असलं की अडगळ होते.’

मी म्हटलं, ती तिथे बसली आहे म्हणून तर ते पाठ फिरवून बोलतात. ते म्हणाले, ‘वाचकाला त्याची गरज नाही.’ मी म्हटलं, माझी बहीण रडली नव्हती. ते म्हणाले, ‘रडायला हवी होती. नाहीतर ती राक्षसीण वाटते. असं कुणी बोलतं यावर विश्वास बसणार नाही.’

हे बोलताना माझा आवाज वाढला असावा. त्यांची बायको आतून धावत आली आणि त्यांनी तिला हाताने खूण केली, काही नाही, जा. तुझ्यासारखीच खूण. पाहुणे असताना मी बोलायला लागले की तू करायचीस ती.

मी पानावर ‘हिला’ हा शब्द समासात लिहिला. छपाईत तो वगळला गेला, असं दाखवून. त्यांनी त्यावर काट मारून परत पाठवलं.

पुस्तक गाजलं. त्यातले संवाद किती जिवंत आहेत असं जो तो लिहू लागला. प्रकाशनाला मला बोलावलं होतं. सरांनी व्यासपीठावरून नेमकं तेच पान वाचलं. मला त्यांचं वाचणं निम्मंच कळलं, कारण मिशी पुन्हा वाढली होती. आता माझी गरज नव्हती. म्हणून मी लोकांकडे बघत बसले. दुसऱ्या रांगेत तुझ्या वयाच्या दोन बायका होत्या. एक म्हणाली, बिचारी, तिने तरी काय करायचं. दुसरी म्हणाली, आणि ती धाकटी बघ, आयतं घर मिळालंय, बसून खाते. पहिलीने मान हलवली.

ताई, सगळं सभागृह तुझ्या बाजूने होतं.

आणि आता तूही आहेस. तू स्वतःचंच बोलणं वाचलंस आणि तुला ते ओळखू आलं नाही. तू रडलीस ती त्या बाईसाठी. बाजारात पाठवलेल्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुझ्या पत्रात एका ओळीनेही विचारलेलं नाही.

तू म्हणशील, तेव्हाच का नाही बोललीस? सहा वर्षं आईचं केलंस, आरशात सगळं पाहिलं होतंस, तरी गप्प का? आई पलीकडच्या खोलीत होती. तिचं खरंच दुसरं कुणी करणार नव्हतं. तू तर नाहीच. ‘आईचं कोण करणार’ हे तुझं एक वाक्य खोटं नव्हतं, एवढीच माझी पंचाईत.

सरांना मी आणखी एक प्रसंग दिला असता. तो मी ठेवून घेतला. तुझ्यासाठी.

आई गेल्यावर महिन्याभराने मी तिचं मनगटी घड्याळ घेऊन घड्याळजीच्या दुकानात गेले. घड्याळ बिघडलं नव्हतं, मीच चावी दिली नव्हती. दुकानात त्याची बायको गल्ल्यावर बसली होती. लग्न झाल्याचं मला माहीत होतं. तरी गेले. का गेले ते विचारू नकोस. त्याने भिंग डोळ्यावर तसंच ठेवून घड्याळ हातात घेतलं आणि पाटीवर मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, शाळेतल्या पहिलीच्या मुलांसाठी लिहितात तसं. ‘उ-द्या या.’ मी हसून बाहेर आले. बाहेरून काचेतून दोघं दिसत होती.

“कोण हो ही बाई?” बायकोने विचारलं.

“समोरच्या गल्लीतली. हिला मागणी घातली होती मी एकदा.”

“मग?”

“हिच्या बहिणीनेच सावध केलं. झटके येतात म्हणाली. तापात डोक्यावर परिणाम झालाय. एकदा आईवर विळी घेऊन धावली होती म्हणे.”

“बघून वाटत नाही.”

“नाही ना. बहिणीने हात जोडून सांगितलं, कुणाला बोलू नका.”

“वाचलात,” बायको म्हणाली, आणि माझं घड्याळ दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं.

विळी, ताई. ‘तिला लग्न करायचं नाही’ एवढं सांगितलं असतंस तरी काम झालं असतं. तो निमूट गेला असता. पण तू ज्या आईचं अंग मी रोज पुसत होते, तिच्यावर मला विळी घेऊन धावायला लावलंस. म्हणून त्या गल्लीत बायका मला बघून लेकरांना जवळ ओढायच्या. मला वाटायचं, बहिरी म्हणून असेल.

मी घड्याळ घ्यायला परत गेले नाही. त्या आठवड्यात छापखान्याला अर्ज केला. तू स्टेशनवर सोडायला आली होतीस आणि रडली होतीस. ते खरं रडणं होतं, मी पाहिलंय. उद्यापासून घरातलं कोण करणार म्हणून.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते.

ऑपरेशननंतर तुझ्याजवळ कुणीतरी हवं. भाऊजींना भरवायला, फिरवायला कुणीतरी हवं. मुलगा आणि सूनबाई कामावर जातात. ‘तुझं हक्काचं घर आहे, कायमची ये,’ असं लिहिलंयस. अक्षर तुझं आहे, पण हक्काचं हा शब्द तुझा नाही. तो तुझ्या मुलाचा आहे. त्याचं बोलणं मी ओळखते, कारण गेल्या उन्हाळ्यात त्याचं नवं घर बघायला आले होते तेव्हा ते पाहिलंय.

तू भाऊजींना घेऊन गच्चीवर होतीस. मी सोफ्यावर. ती दोघं स्वयंपाकघरात, मधलं दार उघडं. त्यांनी पाठही फिरवली नाही. आजकालची मुलं तुमच्याइतकीही काळजी घेत नाहीत.

“मावशीला इकडे आणू या,” तुझा मुलगा म्हणाला. “आईला लिहायला सांगतो. हक्काचं घर वगैरे.”

“त्या आल्या की जुन्या घरीच राहू देत तिघं,” सूनबाई म्हणाली.

“अगं तेच. मग आपल्याला रोज जायला नको.”

“आईंना वाईट वाटेल.”

“आईला काय कळतंय. महिन्यातून एकदा जाऊन आलं की झालं.”

सूनबाई हसली नाही, हे तिच्या बाजूने सांगते. ती ओटा पुसत होती. म्हणाली, “तुम्हीच सांगा, मी नाही सांगणार.” मग त्याने मला फळं कापून आणून दिली.

मी हे तुझ्यापासून लपवणार होते. पूर्वीची मी असते तर लपवलंच असतं. एकेका आजारी माणसाच्या उशाशी बसून गप्प राहण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे, अजून थोडं गेलं असतं. पण तू त्या पानावर रडलीस. तू दुसऱ्या कुणासाठी रडू शकतेस, हे मला तुझ्याच पत्रातून कळलं, तेव्हा म्हटलं, हिला रडायला हक्काचं काहीतरी देऊ या. यात मी एक शब्दही कापलेला नाही आणि एकही घातलेला नाही. कुणाला रडवलेलंही नाही. ती दोघं बोलली तेवढंच आणि तसंच लिहिलं आहे. सरांनी मला जे शिकवलं त्यातलं एवढंच मी स्वतःसाठी ठेवलं.

तुला वाटेल मी सूड घेते आहे. असेन घेत. मनाला फार बरं वाटतंय असं मात्र नाही. तू हे चष्मा लावून एकटी वाचशील, मग मुलगा येईल आणि विचारेल, मावशीचं काय आलं. तू म्हणशील, जेवून घे, गार होईल. एवढं मला इथे बसून दिसतंय.

मी येणार नाही, ताई. ऑपरेशनलाही नाही आणि नंतरही नाही. दिवसाची बाई ठेवता येते, भाऊजींसाठी माणूस मिळतो. ते तुझ्या मुलाला सांग, आणि सांगताना तो तोंड फिरवतो का बघ.

छापखान्याजवळची ही खोली मी महिनाअखेरीस सोडते आहे. नवी बघून ठेवली आहे. तिथला पत्ता तुला कळवणार नाही.

गुडघा जप. भाऊजींना माझा नमस्कार सांग. त्यांनी निदान विचारायला सांगितलं होतं.

तुझी,
बहीण